मास्तरणीनं सोडलेली अंडी

ता. १८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आत्याचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे सोडून. गुडघ्यांना मी आता घरच्यांत धरत नाही. तुझी आईही बरी आहे.

तू दर रविवारी फोन करतेस, तरी हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी तोंड उघडलं की तू म्हणतेस, "आत्या, खरं सांग." मग माझी जीभ अडखळते. पत्रात मध्येच कुणी बोलत नाही, हे बरं असतं. कित्येक वर्षांत मी गिऱ्हाइकांच्या मापांखेरीज काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तुझ्या पत्राचं उत्तर राहिलंय. एप्रिलअखेर प्रशिक्षण संपलं की येऊन आईला घेऊन जाते, असं तू लिहिलंस. तुमचं दोघींचं जमत नाही हे मला दिसतंय, उगाच ओढाताण नको, असंही लिहिलंस. समजूतदारपणे लिहिलंस आणि खोटं काही लिहिलं नाहीस. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि इथं तर म्यानही माझं, म्हणून मी जरा जास्तच खणखणते. पण आमचं बिनसलं त्याला मी जबाबदार नाही आणि वहिनीही नाहीत. बदकं जबाबदार आहेत.

दादा गेला, कारखान्याचं घर सोडावं लागलं आणि वहिनी माझ्याकडे आल्या. सोबत दोन ट्रंका, दादाची सायकल आणि झाकणाच्या टोपल्यांत चार बदकं. मी म्हटलं, येऊ देत, माझ्या कोंबड्या आहेतच, एका परसात राहतील. पक्षी तो पक्षी. इथंच मी चुकले.

कोंबडी ही शिस्तीची बाई. उजाडलं की बाहेर, दिवस मावळला की आपली आपण दांडीवर. पायाला ओल लागली तर पाय झटकते. बदकाला ओल मिळाली नाही तर ते स्वतः तयार करतं. माझ्या कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यात ही चौघं आधी चोच घालणार, मग डोकं, मग मान, त्यातच नाक शिंकरणार, आणि तो गढूळ काढा माझ्या कोंबड्यांनी प्यायचा. खुराड्यात कोरडा भुसा पसरून मी वळते न वळते तोच तिथं चिखल. लंगडी आणि मास्तरीण या माझ्या दोन कोंबड्यांना सर्दी झाली. बदकांना काही सांगायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

झोपण्याची तऱ्हा वेगळीच. कोंबड्या झोपतात दांडीवर आणि बदकं जमिनीवर, तीही नेमकी दांडीखाली. सकाळी बदकांच्या पाठीवर माझ्या कोंबड्यांचा प्रसाद. वहिनी त्यावर एक शब्द बोलायच्या नाहीत. तांब्याभर पाणी घेऊन एकेका बदकाची पाठ धुवायच्या, मला दिसेल अशा जागी बसून. तुझी आई न बोलता जे बोलते ते शेजारच्या घरापर्यंत ऐकू जातं.

त्यांच्यात एक नर आहे, त्याला मी नवरदेव म्हणते. आपल्या तीन बायका सोडून तो लंगडीच्या मागे लागला. लंगडी ही माझी जुनी कोंबडी, तिला पळवत नाही. तिच्या मानेवरची पिसं गेली. मी वहिनींना म्हटलं, तुमच्या नवरदेवाला आवरा. त्या म्हणाल्या, तुमच्या कोंबड्या माझ्या बदकांना दाण्याजवळ फिरकू देत नाहीत, ते पाहिलंत का? पाहिलं होतं. मी म्हटलं, नाही.

शेवटी गाडं अडलं ते टबावर. माझा पत्र्याचा मोठा टब तुला आठवत असेल, लहानपणी त्यात बसून तू आगबोट खेळायचीस. कापायच्या आधी कापड मी त्यात भिजत घालते, म्हणजे शिवल्यावर आटत नाही. एका सकाळी गिऱ्हाइकाचं कापड घेऊन मागे गेले तर टबात नवरदेव सहकुटुंब पोहत होता. मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. वहिनीही काही कमी बोलल्या नाहीत. तेव्हापासून अबोला आहे.

अबोल्यानं कामं अडत नाहीत. चहा झाला की मी मास्तरणीला सांगते, चहा झालाय म्हणावं. मास्तरीण म्हणजे माझी तांबडी कोंबडी, बाकीच्यांना ओळीत चालवते म्हणून हे नाव. वहिनी बदकांना सांगतात, साखर कमी पडली म्हणावं. असं आमचं घर व्यवस्थित चाललंय.

आता मास्तरीण खुडूक झाली आहे. जागची हलत नाही, अंगावर येते, अंडी उबवायचा हट्ट धरून बसली. मी तिच्याखाली कोंबडीची अंडी ठेवली. दुसऱ्या दिवशी तिला उचलून बघते तर माझ्या अंड्यांत पाच मोठी, हिरवट अंडी. वहिनींनी हळूच बदकांची सरकवली होती. बोलायचं नव्हतं म्हणून मी बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. मास्तरणीनं पंख आणखी पसरले आणि सगळी पोटाखाली घेतली.

तर तू ये आणि आईला ने. मी कोण अडवणार? बदकं तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मावायची नाहीत, त्यांचं काय ते तेव्हा बघू. पण आत्ता लगबग करू नकोस. प्रशिक्षण नीट संपव, मध्येच रजा मागू नकोस. वहिनी दोनदा शहरात जाऊन आल्या, दाढेचं दुखणं आहे. मी सोबत गेले होते. दाढेसाठी सोबत लागत नाही हे मलाही कळतं, पण मला दोऱ्याची रिळं घ्यायची होती. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
आत्या

ता. क. दाढेबद्दल आईला फोनवर विचारू नकोस. चिडते.


ता. २३ मार्च

चि. भिंगरीस,

सगळं ठीक आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, खुर्चीवर बस, आणि मग खालचं वाच.

तुझ्या आईची दाढ दुखत नव्हती. तिच्या दाढा माझ्यापेक्षा धड आहेत. तिच्या छातीत उजवीकडे गाठ होती. ती काढली, तपासायला पाठवली आणि साधी निघाली. साधी म्हणजे साधी. डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा सांगितलं, आणि मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. कागद कपाटात ठेवलाय, आल्यावर आपल्या डोळ्यांनी वाच. आई आत्ता मागच्या दारात खुर्ची टाकून बसली आहे आणि मला काम सांगते आहे.

आता रागाव. मी थांबते.

रागावून झालं असेल तर पुढचं ऐक. मला हे वहिनींनी सांगून कळलं नाही. टबाचा अबोला नुकता सुरू झाला होता. एका सकाळी माझ्या मशीनवर त्यांचा ब्लाउज ठेवलेला दिसला, उजव्या बाजूला टाचणी लावून. म्हणजे तिथं सैल करून हवा. मी उसवायला घेतला आणि हात थांबला. बायकांचे कपडे सैल करण्यात माझा जन्म गेला, पण एका बाजूनं कुणी जाड झालेलं मी पाहिलं नाही. ब्लाउज तसाच घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "वहिनी, उद्या शहरात जायचंय. तयार राहा." त्यांनी कुठे, कशाला, काही विचारलं नाही. त्यावरून मला कळलं की त्यांना आधीपासून माहीत होतं आणि त्या एकट्याच ते घेऊन फिरत होत्या.

येताना बसमध्ये त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, की तुला कळवायचं नाही. कळलं तर सगळं टाकून धावत येईल आणि मिळालेली नोकरी हातची जाईल, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं. तू म्हणशील आत्या, तू एवढी भांडखोर, तिथं का नाही भांडलीस? त्या दिवशी त्यांच्याशी भांडवेना.

त्यानंतरही आमचा अबोला चालूच राहिला, बरं का. आधीचा रागाचा होता, हा सोयीचा. बोलायला लागलो असतो तर त्याच गोष्टीवर बोलावं लागलं असतं. म्हणून दोघींनी कोंबड्या-बदकांवर तोंडसुख घेतलं आणि दिवस ढकलले. आणि त्यातच अंड्यांचा घोळ झाला.

घोळ असा की कोंबडीचं अंडं फुटायला तीन आठवडे लागतात आणि बदकाचं फुटायला चार. दोन्ही एका कोंबडीखाली ठेवायची तर बदकाची आधी ठेवायची आणि आठवड्यानं कोंबडीची, म्हणजे सगळी पिल्लं बरोबर निघतात. मी जन्मभर कोंबड्यांची पिल्लं काढली, वहिनींनी बदकांची. मला वाटलं सगळी तीन आठवड्यांत निघणार, त्यांना वाटलं सगळी चार आठवड्यांत. एकीनं जरी तोंड उघडलं असतं तरी उलगडा झाला असता. पण आम्ही पडलो मानी.

दवाखान्यात दाखल व्हायचं त्याच सकाळी माझी पिल्लं बाहेर आली. मास्तरीण त्यांना घेऊन उठली आणि दाणे टिपायला शिकवायला निघाली. कोंबडीचं तसंच असतं. चालतं पिल्लू दिसलं की राहिलेल्या अंड्यांकडे ती वळून बघत नाही. वहिनी पिशवी भरून तयार होत्या. जायच्या आधी त्या खुराड्यात वाकल्या, ती पाच अंडी बघितली, एकाला हात लावून बघितला. मग उठून पदराला हात पुसले आणि कितीतरी दिवसांनी सरळ माझ्याशी बोलल्या.

"राहू देत, वन्सं. काही गोष्टी अर्ध्यावरच राहायच्या असतात."

त्या अंड्यांबद्दल बोलत नव्हत्या. मला इतका राग आला की काय सांगू. त्यांचा नाही, कुणाचा ते मलाही माहीत नाही. मी म्हटलं, "माझ्या घरात काही अर्ध्यावर राहत नाही. शिवायला घेतलेलं मी उसवून परत देत नाही." आणि अंडी लोकरीच्या टोपीत घालून चुलीजवळ ठेवली, तेव्हा कुठे आम्ही निघालो.

संध्याकाळी दाणेवाल्याकडे गेले. त्यानं सांगितलं, खोक्यात भुसा घाला, वर बल्ब लावा, दिवसातून काही वेळा अंडी उलटीपालटी करा, आणि मावशी, बदकाच्या अंड्याला ओल लागते, मधूनमधून पाणी शिंपडा. ओल म्हणून जिच्या नावानं मी बोटं मोडली तीच मला करायची होती. इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची माझी बाटली आहे ना, तिनं मी बदकाची अंडी शिंपडत बसले. वहिनी बघायला हव्या होत्या.

बल्बचा मात्र भरवसा नव्हता. आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि दवाखान्यात जायचं म्हणजे अर्धा दिवस घर बंद. दुसऱ्याच दिवशी परत आले तर वीज गेलेली, खोकं गार. मी अंडी पोटाशी धरून तिथंच खाली बसले. ऑपरेशन त्याच सकाळी झालं होतं, वहिनी गुंगीत होत्या आणि गाठीचं काय ते इतक्यात कळणार नव्हतं. भिंगरी, मी घाबरले होते. घरात मी आयुष्यभर एकटी राहिले, मला एकटं राहण्याचं कौतुक होतं. तेच घर त्या दिवशी मला खायला उठलं. मागे बदकं कलकलत होती आणि त्यांना कसं गप्प करायचं ते ज्यांना येतं त्या तिथं नव्हत्या.

मग मी उठले आणि मशीनवर बसले. जुन्या मऊ फ्लॅनेलचा रुंद पट्टा शिवला, त्याला पाच खिसे, प्रत्येक खिशाला झाकण आणि बटण. काजं नीट केली, घाईत असले तरी काजं मी वाकडी करत नाही. पट्टा पोटावर बांधला, वर स्वेटर घातलं. माझी सगळ्यात चांगली शिलाई कुणाला दाखवता येणार नाही अशा जागी झाली.

त्यापुढे रोज मी बसनं दवाखान्यात गेले ती पाच अंडी पोटाला बांधून. बसमध्ये पोटावर हात धरून उभी राहिले की लोक जागा द्यायचे. एका बाईनं विचारलं, पोटाचं ऑपरेशन झालंय का? मी म्हटलं, हो. दुसरं काय सांगणार होते? दवाखान्यातल्या एका नर्सनं माझी चाल बघितली आणि मलाच खाटेवर निजवायला निघाली होती.

साखर वाढली म्हणून वहिनींना आठवडाभर ठेवून घेतलं. त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. जेवण तसंच परत जायचं. रविवारी तुझा फोन आला तेव्हा तेवढ्यापुरत्या उठून बसल्या, आवाज चढवून हसून बोलल्या आणि फोन ठेवल्यावर पुन्हा भिंत. तेव्हाच तुला खडखड ऐकू आली आणि बदकं टबात उतरली असं त्या म्हणाल्या, ती बदकं नव्हती. औषधांची ट्रॉली होती.

अंड्यांबद्दल मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. दगावली असती तर? आधीच नको त्या वेळी आशा लावायची आणि मग तोंड पाडायचं, त्यापेक्षा झाकली मूठ बरी. पण आठवडा संपत आला तेव्हा एका दुपारी त्यांच्या खाटेशी बसले असताना माझ्या पोटाशी काहीतरी हललं. मला वाटलं माझंच पोट. मग पुन्हा. मी इकडेतिकडे बघितलं, स्वेटर वर केलं, बटण काढलं आणि ते अंडं त्यांच्या डाव्या हातात दिलं. उजवा हात त्यांना उचलवत नव्हता.

त्यांनी ते बराच वेळ धरलं. मग कानाशी नेलं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "आत कुणीतरी टकटक करतंय."

"मग उघडा म्हणावं."

"आपण उघडायचं नसतं. त्याचं त्यानं यायचं असतं." मग माझ्या पट्ट्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला तर बदकं आवडत नाहीत."

मी म्हटलं, नाहीच आवडत. त्या हसल्या आणि हसता हसता रडल्या, अंडं मात्र हलू दिलं नाही. मीही रडले. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी विचारलं, वाईट बातमी आहे का? वहिनी म्हणाल्या, नाही, बदकं आहेत. संध्याकाळचं जेवण त्यांनी सगळं संपवलं. मला वाढायचंही विसरल्या.

दुसऱ्या दिवशी घरी खोक्यात चार पिल्लं निघाली. पाचवं अंडं गप्पच राहिलं. ते मी लिंबाच्या झाडाखाली पुरलं आणि वहिनींनी विचारल्यावर खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, पाचातली चार म्हणजे खूप झाली.

घोळ इथं संपत नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर पिल्लांनी पहिलं तोंड बघितलं ते माझं. मास्तरणीच्या पंखाखाली सरकवून बघितली, तिनं टोचून बाहेर काढली. आपल्या पिल्लांशिवाय तिला कुणी नको. आता ही चौघं माझ्यामागे फिरतात. मी चुलीशी गेले की चुलीशी, मशीनवर बसले की पायपट्टीखाली. न्हाणीचं दार लावलं तर बाहेर गोंधळ घालतात. वहिनी घरी आल्या तेव्हा फाटकापासून दारापर्यंत मी पुढे आणि ही मागे अशी आमची वरात बघून त्यांना टाके धरून पायरीवर बसावं लागलं. हसवू नका, टाके ओढतात, असं म्हणत स्वतःच हसत होत्या.

पिल्लांना मी ताटलीत जरासं पाणी दिलं आणि एक पिल्लू त्यात उतरलं, तर मी काठाशी उभी राहून ओरडले. ज्या बाईनं बदकं पाण्यात जातात म्हणून घर डोक्यावर घेतलं ती ताटलीभर पाण्यात पिल्लू बुडेल म्हणून ओरडत होती. वहिनींनी मग मला शिकवलं, की आईच्या अंगाचं तेल पिसांना लागलेलं नसलं तर पिल्लं लवकर भिजतात आणि गारठतात, म्हणून थोडा वेळच पाण्यात ठेवायची आणि लगेच पुसून घ्यायची. म्हणजे मी फार चुकीची ओरडले नव्हते.

गाठीचा कागद आणायला मी एकटी गेले. वहिनी म्हणाल्या, तुम्हीच जा, मी पिल्लं बघते. डॉक्टरीणबाईंच्या दारातून बाहेर आले आणि पायरीवर बसले. मग लक्षात आलं की वहिनी फाटकाशी उभ्या असतील आणि मी इथं बसून राहिले आहे. बस लगेच मिळाली, पण मला वाटलं ड्रायव्हर मुद्दाम हळू चालवतोय.

त्या फाटकाशीच होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. पिल्लं पळत माझ्या पायांशी आली. मी म्हटलं, "वहिनी, साधी गाठ. काही झालेलं नाही तुम्हाला." त्यांनी फाटकाची कडी धरली. मग म्हणाल्या, "पिल्लांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. तुम्हाला शोधत होती." आणि आम्ही दोघी आत आलो आणि चहा केला. त्या दिवशी चहा झालाय हे कुणाला निरोप देऊन सांगावं लागलं नाही.

आता परसाची व्यवस्था ऐक. वहिनी खुर्चीवरून सांगतात आणि मी खिळे मारते. दांडीखाली आडवी फळी टाकली, आता बदकांच्या पाठी कोरड्या असतात. बदकांचं पाणी परसाच्या त्या टोकाला नेलं, खाली खडी पसरली, सांडलेलं मुरून जातं. कोंबड्यांचं भांडं विटांवर उंच ठेवलं. दाणा दोन ठिकाणी टाकतो. नवरदेवाला जाळीपलीकडे त्याच्या बायकांसोबत ठेवलं, आणि लंगडीच्या मानेवर नवी पिसं येऊ लागली. कोंबड्या आणि बदकं एका परसात नांदतात, भिंगरी. फक्त कुणाला काय लागतं ते एकमेकींना विचारावं लागतं. टब मी बदकांना देऊन टाकला. कापड आता बादलीत भिजवते.

काल फळी ठोकताना मी त्यांना पाठ करून उभी होते. तोंडासमोर मला विचारता आलं नसतं. म्हटलं, "एप्रिलमध्ये भिंगरी तुम्हाला न्यायला येतेय." त्या हं म्हणाल्या. मी आणखी दोन खिळे मारले. मग म्हटलं, "मला वाटतं तुम्ही जाऊ नये." एवढंच बोलले, आणि हातोडा बोटावर बसला.

त्या डाव्या हातानं पिल्लांना दाणे टाकत राहिल्या. मला वाटलं पुन्हा अबोला. मग म्हणाल्या, "ही चार मोठी झाली की टबात मावायची नाहीत. त्या कोपऱ्यात तळं खणून घ्या, वन्सं. फार खोल नको, तुमच्या कोंबड्या पडतील."

गवंड्याला मी आज सकाळी सांगून आले.

तेव्हा तू ये, नक्की ये. आईला बघ, कागद वाच, माझ्यावर हवं तेवढं ओरड, मी ऐकून घेईन. चार दिवस जास्तीची रजा काढ, पिल्लं तोवर मोठी झालेली असतील आणि पाणी भरायला मला हात हवेत. वहिनी पिल्लांना सांगतात, बोटाला पट्टी बांधून लिहा म्हणावं. इतकं लिहिलं तरी मुद्द्याचं राहिलंच.

परतीचं तिकीट एकच काढ.

तुझी,
आत्या